करापुरतं लग्न

नॉर्डरझील, पूर्व फ्रिसलंड
१४ जानेवारी

तीर्थस्वरूप गेस्केताईस,

तुझ्या धाकट्या आणि सध्या तोंड लपवून बसलेल्या भावाचा, ओक्कोचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? नव्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस, की मागच्यासारखा कुत्र्याच्या टोपलीत अंथरलास? अॅडमिरलचं पोट चालताना जमिनीला टेकायचं, ते आता सुटलं का? आणि भाऊजी गेल्यावर त्यांचा दातांचा दवाखाना तू ज्या पोराला भाड्याने दिलास, तो भाडं वेळच्या वेळी देतो ना? (सहज विचारलं.) इकडे सर्व क्षेम. वाऱ्याने छपराची तीन कौलं नेली. त्यातली दोन शेजाऱ्याच्या कोबीत सापडली, तिसऱ्याचा तपास चालू आहे.

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला ब्रेमेनचा बाजार आणि दुसऱ्या बाजूला चारच शब्द: 'लग्न केलंस म्हणे. अभिनंदन.' शेवटचा पूर्णविराम तू असा दाबून दिलास की कार्डाला आरपार भोक पडलंय. टपालवाल्या बाईंनी ते मला उजेडाकडे धरून दाखवलं. ताई, तुझा राग रास्त आहे. अठ्ठावन्न वर्षांचा एकुलता एक भाऊ लग्न करतो आणि सख्ख्या बहिणीला ते मासेवाल्याकडून कळतं, तेही हेरिंगची पिशवी बांधून घेताना, म्हणजे अतीच झालं. पण मला एवढं सांगू दे की हे लग्न तू समजतेस तसलं लग्न नव्हतंच. म्हणजे लग्नच होतं, सरकारी शिक्का आहे, पण ते कर वाचवायला केलेलं होतं. माणूस छपराची कौलं बसवून घेतो तेव्हा त्याची आमंत्रणं छापतो का?

थेडा तुझ्या ओळखीची आहे, पण तू तिला नेहमी 'ती तुझी शेजारीण' म्हणतेस, म्हणून पुन्हा सांगतो. ती बंधारा मंडळाच्या कचेरीत अर्धा दिवस काम करते. समुद्र अडवायच्या बंधाऱ्यासाठी कुणाच्या जमिनीवर किती पट्टी बसायची ते ती ठरवते, आणि तिच्या आकड्यांत आजवर एकाही शेतकऱ्याला चूक काढता आलेली नाही (प्रयत्न सगळ्यांनी केले). गेली बावीस वर्षं आम्ही एकाच घराच्या दोन अर्ध्या भागांत राहतो, मध्ये एक भिंत. सकाळी अकराचा आणि दुपारी तीनचा चहा तिच्याकडे, संध्याकाळचं जेवण माझ्याकडे, आणि झोप ज्याची शेगडी गरम असेल त्याच्याकडे. तिचं पहिलं लग्न तुला आठवत असेल, चारशे माणसं, दोन बँड, सहा हात उंच केक. अकरा महिन्यांत तो नवरा चर्चमध्ये बाजा वाजवणाऱ्या बाईबरोबर हॅम्बुर्गला गेला आणि जाताना थेडाच्या आईची चांदीची चहाची भांडीही घेऊन गेला. तेव्हापासून तिचं म्हणणं ठरलेलं आहे: प्रेमासाठी म्हणून चारचौघांसमोर पुन्हा उभी राहणार नाही.

मी तिला दोनदा विचारलं होतं. (हे तुला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही.) पहिल्यांदा रस्त्यावरच्या गोळाफेकीच्या सामन्यात, माझी पाळी यायच्या आधी. ती म्हणाली, आधी गोळा टाक. मी टाकला, तो थेट नाल्यात गेला, आणि जाळीने चाचपडून तो बाहेर काढेपर्यंत विषय थंड झाला. दुसऱ्यांदा विचारलं ते तीनच्या चहाला, आणि घाबरून मी चहा चमच्याने ढवळला. खडीसाखरेवर चहा ओतून वर साय सोडल्यावर तो ढवळायचा नसतो हे आपल्याकडे दूधपित्या पोरालाही कळतं. थेडाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मला घरी पाठवून निजवलं. त्यालाही नऊ वर्षं झाली.

मग गेल्या नोव्हेंबरात मी उपहॉफकडे गेलो. फोल्केर्ट उपहॉफ, करसल्लागार, दर गुरुवारी अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत बसतो आणि लोकांच्या पावत्या चिमट्याने उचलतो. मी काहीतरी बुटांच्या पावत्या घेऊन गेलो होतो (बंधाऱ्याचा पाणदरवाजा उघडायच्या-मिटायच्या माझ्या कामाला रबरी बूट लागतात, तो नोकरीचा खर्च धरतात). तो म्हणाला, ओक्को, तू एकट्याचा कर भरतोस हाच मूर्खपणा आहे. जर्मन सरकार नवराबायकोचं उत्पन्न एकत्र धरतं, त्याचे दोन सारखे भाग करतं आणि प्रत्येक भागावर कर लावतं. एकाची किटली काठोकाठ आणि दुसऱ्याची तळाला असेल, तर ओतून सारख्या केल्या की चढ्या दराचा कर टळतो. दोन्ही किटल्या आधीच सारख्या भरलेल्या असतील तर ओतायची मेहनत तेवढी पदरात पडते. आणि गंमत म्हणजे, एकतीस डिसेंबरला जरी लग्न झालेलं असलं तरी सरकार समजतं की तुम्ही वर्षभर जोडीने नांदत होता. मी म्हटलं, वर्षभर? तो म्हणाला, एक जानेवारीपासून. ताई, बावीस वर्षांत माझ्या बाजूने कुणी इतकं उदारपणे बोललं नव्हतं.

मी थेडाला उपहॉफचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, आधी आकडा बघू. पुढच्या गुरुवारी तिने आपले कागद लिफाफ्यात घालून, लिफाफा चिकटवून माझ्या हातात दिला, उपहॉफने दोघांचे आकडे यंत्रात घातले, तासभर बोटं आपटली, आणि मी घरी येऊन थेडासमोर टोपी हातात धरून उभा राहिलो आणि सांगितलं की तीन हजार आठशे युरो वाचतात. तिने माझ्या कानांकडे बघितलं. मग चमचा कपात उभा ठेवला (म्हणजे चहा पुरे) आणि म्हणाली, "करासाठी असेल तर हरकत नाही." एवढंच. मग अटी सुरू झाल्या. कुणाला सांगायचं नाही, दारावर कमान नको, भांडी फोडणं नको, भाषण नको, नातेवाईक नकोत. मी विचारलं, गेस्केताई? ती म्हणाली, "तुझी ताई आली की तिची मोठी टोपी येते, आणि टोपी आली की ते लग्न दिसायला लागतं." (हे तिचे शब्द आहेत. मला ती टोपी आवडते.)

आता तुला सरळच सांगतो, मग तू हसलीस तरी चालेल. मला ही बाई बायको म्हणून हवी होती, कर वाचो न वाचो. गेल्या वर्षी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिच्या सपाता घेऊन इस्पितळात गेलो. नर्सने दारातच विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? मी म्हणालो, भिंतीपलीकडचा. तिने सपाता आत नेल्या आणि मला बाहेर बाकावर बसवलं. मी तिथे सात तास बसलो होतो ताई, आणि माझ्यानंतर आलेला एका बाईचा नवरा, जो वासावरून गुत्त्यातून उठून आला होता, सरळ आत गेला. म्हणूनच लग्ननोंदणीला तीस डिसेंबरच्या सकाळी दहाची वेळ मिळाली आणि एकतीसला कचेरी बंद असल्याचं कळलं, तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. ही एक तारीख हुकली की तिला विचार करायला अख्खं वर्ष मिळणार, आणि थेडाने विचार केला की तिचं उत्तर काय येतं ते मला दोनदा कळलेलं होतं.

तर भिंत. उपहॉफ म्हणाला होता की एकत्र करासाठी जोडप्याने वेगळं राहिलेलं चालत नाही. थेडा नियमाला पक्की. म्हणाली, मग भिंतीला दार पाड. मी रविवार बघून घण उचलला. माझ्या बाजूने अंदाज घेऊन जागा ठरवली, तिच्या बाजूने काय आहे ते मात्र बघितलं नाही. तिच्या बाजूने कपाट होतं. त्यात तिच्या मावशीचे, गुलाबाच्या नक्षीचे अकरा कप होते, बारावा थेडाच्या हातात होता म्हणून वाचला. विटांच्या भोकातून तिने मला बघितलं, उरलेल्या कपातला चहा संपवला आणि केरसुणी आणायला गेली. (अकरा कप, जुन्या बाजारात एकशे सत्तर युरो. उरले तीन हजार सहाशे तीस.)

तो आवाज ऐकून हाब्बो आला. हाब्बो त्याडेन, आपला पहिला शेजारी. तू ब्रेमेनला जाऊन चाळीस वर्षं झाली, पण पहिल्या शेजाऱ्याचं काम काय असतं ते विसरली नसशील. बारसं त्याने सांगायचं, लग्नाची कमान त्याने बांधायची, आणि शेवटी शवपेटीचा पुढचा कोपरा त्यानेच धरायचा. हाब्बोने भोकात डोकं घातलं, एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, आणि म्हणाला, "हं. म्हणजे झालं तर." मी म्हटलं, ओल आली होती. पण थेडाला खोटं बोलता येत नाही. तिने सांगून टाकलं की लग्न आहे, पण फक्त करासाठी आहे, तेव्हा तू काही करू नकोस. हाब्बोला ते अजिबात पटलं नाही. "करासाठी कर की कावीळ झाली म्हणून कर," तो म्हणाला, "लग्न आहे ना? मग कमान आहे. मी कमान बांधली नाही तर उद्या माझ्या पोरीच्या लग्नात तोंड कुठे लपवू?" त्याने डोकं बाहेर काढलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतली अठरा घरं आमचं अभिनंदन करून गेली.

कमान म्हणजे काय खर्च असतो ते तुला ठाऊक आहे. शेजारी फुकट बांधतात. पण त्याआधी तीन आठवडे रोज संध्याकाळी ते कुणाच्या तरी घरी कागदाचे गुलाब करायला बसतात, आणि ते घर नवऱ्यामुलाचं असतं. चारशे गुलाब झाले, आणि गुलाबागणिक एक घोट तरी झालाच असेल. मग कमान दारावर चढवली की जेवण, आणि महिन्याभराने उतरवली की पुन्हा जेवण. (तीन हजार सहाशे तीस उणे पाचशे दहा. पुढचा हिशेब मी करायचा बंद केला. का ते नंतर.) थेडा दर संध्याकाळी येऊन कोपऱ्यात बसायची आणि म्हणायची, हे सगळं उगाच चाललंय. पण तिच्या हातचे गुलाब सर्वांत घट्ट वळलेले होते हे मी पाहिलेलं आहे.

एकोणतीसला नवरानवरीच्या दारात शकुनाची भांडी फोडायला लोक आले. आदल्या संध्याकाळी यायची रीत, पण गल्लीत आता सगळ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आठच्या ठोक्याला असतात, म्हणून दुपारी दोनलाच आले. ताटं, बरण्या, फुलदाण्या. हाब्बोच्या मेहुण्याने तर शौचालयाचं अख्खं भांडं ढकलगाडीवरून आणलं आणि मोठ्या मानाने आमच्या पायरीवर सोडलं. नवरानवरीने तो सगळा चुरा एकत्र झाडायचा असतो, आणि तुम्ही झाडत आणलंत की कुणीतरी मुद्दाम आणखी एक बशी टाकतो. आम्ही दोघं दीड तास झाडत होतो. केरसुणी एकच होती, म्हणून दोघांनी धरली. मध्येच थेडा थांबली आणि अगदी हळू म्हणाली, "पहिल्या वेळी हे मी एकटीने झाडलं होतं. तो आत दारू पीत बसला होता." मी म्हणालो, तिकडे कोपऱ्यात अजून आहे. पण केरसुणी मी सोडली नाही.

आणि मग विजार. नवऱ्यामुलाची ब्रह्मचाऱ्याची विजार जाळायची आणि राख दारूच्या बाटलीबरोबर बागेत पुरायची, हे तर चुकणारच नव्हतं. मी तयारी ठेवली होती. पाणदरवाज्यावरची, तेलाचे डाग पडलेली, दोन्ही गुडघ्यांना ठिगळ असलेली विजार माझ्या खोलीत खुर्चीवर घडी करून ठेवली होती, वर चिठ्ठी: 'हीच.' पण मधल्या काळात भिंतीला दार झालं होतं. हाब्बो माझ्या दारातून आत यायच्या ऐवजी थेडाच्या दारातून आला, भोकातून उलट्या बाजूने माझ्या घरात शिरला, आणि त्याला पहिली दिसली ती भोकाशेजारच्या खुंटीवरची चांगली तपकिरी कॉर्डुरॉय. टोळक्याने ती काठीवर चढवली, रॉकेल घातलं, आणि सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. मीही वाजवल्या. अंधार पडत आला होता, विजार विजारीसारखीच दिसते, आणि मी तोवर गल्लीतल्या प्रत्येकाबरोबर एकेक प्यालो होतो. साडेसहाला राख पुरली आणि सातला सगळे आपापल्या घरी गोळ्या घ्यायला गेले.

सकाळी आठला मी कॉर्डुरॉय घालायला खुंटीकडे गेलो. ताई, खुर्चीवरची ठिगळांची विजार माझ्याकडे बघत होती, चिठ्ठी तशीच. कॉर्डुरॉयच्या मागच्या खिशात माझं पाकीट होतं. पाकिटात ओळखपत्र. वाहनपरवानाही त्यातच. पासपोर्ट मी कधी काढलाच नाही, कारण मला कुठे जायचं असतं? मी फावडं घेऊन बागेत गेलो आणि अर्धा फूट खणल्यावर दारूची बाटली, एक पितळी बटण आणि प्लास्टिकचा एक गोळा एवढं सापडलं. त्या गोळ्याकडे नीट निरखून पाहिलं तर माझा एक कान ओळखू येत होता.

थेडाने तो गोळा रुमालात बांधला, मला ठिगळांची विजार चढवायला लावली, आणि आम्ही दहाला कचेरीत हजर झालो. विवाहनोंदणीच्या आयलर्सबाई मला चाळीस वर्षं ओळखतात. त्यांची गाडी मी दोनदा कालव्यातून ओढून काढली आहे. त्यांनी रुमालातला गोळा पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "ओक्को, तू कोण आहेस ते मला माहीत आहे. पण मला माहीत असून चालत नाही, तुझ्याकडे ते लिहिलेलं असावं लागतं." समोरच्या खोलीत तात्पुरतं ओळखपत्र हातोहात मिळत होतं, पण त्याला फोटो हवा, गावातला फोटोवाला नाताळ करायला सासुरवाडीला गेलेला, आणि कचेरी बाराला बंद. हाब्बो मागे उभा होता, चेहरा राखेसारखा. गावचा आगीचा बंब तोच चालवतो, त्याने बंबाची किल्ली खिशातून काढली. तालुक्याच्या मोठ्या दुकानात फोटोचं यंत्र आहे, नऊ किलोमीटर. हाब्बोने भोंगा वाजवला नाही (वाजवला असता तर बेकायदा झालं असतं), पण निळा दिवा मात्र, तो म्हणतो, धक्क्याने आपोआप लागला.

आणि तिथे नवीनच संकट. सरकारी फोटोत हसायचं नसतं. ताई, मला हसू आवरेना. मला माझं काही चुकतंय असंही वाटत नव्हतं. ठिगळांची विजार घालून आगीच्या बंबातून मी लग्नाला आलो होतो आणि पडद्याबाहेर थेडा हातात माझी टोपी धरून उभी होती, इतकंच मला दिसत होतं. यंत्राने चार वेळा फोटो नाकारला. पावणेअकरा झाले. तेव्हा थेडाने पडद्यातून तोंड आत घातलं आणि शांतपणे म्हणाली, "ओक्को, तीन हजार आठशे युरोंचा विचार कर." माझं तोंड असं खाली आलं की यंत्राने लगेच हिरवा दिवा लावला. त्या फोटोत मी पाच वर्षं तुरुंगात काढलेला दिसतो.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही पुन्हा आयलर्सबाईंसमोर बसलो. ओळखपत्र अजून गरम होतं. बाहेर दालनात अख्खी गल्ली येऊन उभी, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आयलर्सबाईंनी मला विचारलं, मी हो म्हणालो, जरा लवकरच म्हणालो, त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधी. मग त्यांनी थेडाला विचारलं, आपल्या मर्जीने या माणसाशी लग्न करताय का? थेडा म्हणाली, "करासाठी." आयलर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मग मला हे थांबवावं लागेल. एकमेकांचं व्हायचं नसताना केलेलं लग्न मी नोंदवत नाही, तसा कायदाच आहे. मी थेडाकडे बघायचं धाडस केलं नाही, मी विजारीचं ठिगळ बघत बसलो. बरं, तिला तर खोटं बोलता येत नाही.

मग तिचा आवाज आला, कचेरीतल्यासारखाच, एकेक आकडा वाचून दाखवावा तसा. "ह्याला दोन खडे साखर लागते आणि तो लोकांसमोर एकच घेतो. वारा उत्तरेचा असला की ह्याचा डावा खांदा दुखतो. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी हा सात तास बाकावर बसला होता, मला नर्सने नंतर सांगितलं. पुढच्या वेळी ह्याला कुणी बाहेर बसवलं तर मला चालणार नाही. एवढं पुरत असेल तर हो लिहा." आयलर्सबाईंनी पेन उचललं. दालनात हाब्बोने नाक शिंकरलं, ते मला वाटतं कालव्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

तर असं झालं, ताई. तुला कळवायला वेळ कुठे होता? आता घराला एक भोक आहे, एक कमान आहे, बागेत एक बाटली आहे, आणि इस्पितळात कुणी विचारलं तर मला उत्तर आहे. थेडाने ठरवलंय की कराचे पैसे परत आले की मे महिन्यात एक नीट जेवण घालायचं, आणि पहिलं आमंत्रण तुला. टोपी घालून ये. अॅडमिरललाही आण, फक्त कपाटापासून लांब ठेव.

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
ओक्को

ता. क. एक छोटीशी गोष्ट राहिली. उपहॉफने काढलेला आकडा तीन हजार आठशे नव्हता. अडतीस होता. मला वाटलेलं की थेडाचा अर्ध्या दिवसाचा पगार म्हणजे तळाला गेलेली किटली. पण बेटावरचं तिच्या मावशीचं घर ती उन्हाळ्यात पाहुण्यांना देते, त्याचं भाडं धरलं तर तिची कमाई माझ्याइतकीच भरते. किटल्या सारख्याच निघाल्या. उपहॉफ म्हणाला, ह्यासाठी लग्न करण्यात अर्थ नाही. मी घरी येताना सबंध रस्ताभर तो अडतीस मनात घोळवत होतो, आणि दारात पोचेपर्यंत त्याच्यामागे दोन शून्यं आपोआप लागली होती. तेव्हा ताई, मे महिन्याच्या आत माझ्या खात्यावर तीन हजार आठशे युरो पाठवशील का? कारण म्हणून 'परतावा' एवढंच लिही. दवाखान्याचं भाडं येतंच आहे, म्हणून म्हटलं. मी दर महिन्याला शंभर फेडीन. आणि त्याच पैशातून जेवण होणार आहे, म्हणजे तू तसं बघितलं तर स्वतःच जेवणार आहेस.

ता. क. २. घरी फोन करू नकोस. भिंतीला आता दार आहे, सगळं ऐकू जातं.

ता. क. ३. हे पत्र वाचून जाळ. जाळण्याआधी खिसे तपास.

(खालचा मजकूर वेगळ्या, बारीक आणि सरळ अक्षरात)

वन्सं, नमस्कार. ओक्कोने पत्र जाड झालंय म्हणून कचेरीतल्या काट्यावर वजन करून तिकिटं लावायला माझ्याकडे दिलं, आणि लिफाफा नेहमीप्रमाणे चिकटवायचा विसरला. मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं, पण आता आमची करनोंदणी एकत्र आहे.

पैसे पाठवू नका. मी सव्वीस वर्षं आकडेमोड करते. माझे कागद लिफाफ्यात घालून चिकटवायच्या आधी मी ह्याचा पगार, माझा पगार आणि बेटावरचं भाडं मांडून बघितलं होतं. अडतीस युरो वीस सेंट. (वीस सेंट त्याने तुमच्यापासूनही लपवले.) तो टोपी हातात धरून तीन हजार आठशे म्हणाला तेव्हा त्याचे कान टोमॅटोसारखे झाले होते. फोटोच्या वेळी मी त्या आकड्याची आठवण मुद्दाम करून दिली, दुसरा उपाय नव्हता.

प्रेमासाठी म्हणून उभी राहणार नाही असं मी म्हणायची, ते त्याने बरोबर लिहिलंय. पण पहिला गेला तो चांदी घेऊन गेला, आणि हा आला तो दोन शून्यं घेऊन आला. मला वाटलं, याच्याशेजारी उभं राहायला हरकत नाही.

मला हे माहीत आहे असं त्याला कळू देऊ नका. मेपर्यंत तो घाबरलेलाच बरा, सकाळचा चहा तोच करून आणतो हल्ली. जेवणाचे पैसे माझ्याकडे आहेत. टोपी घालून या, मी तेव्हा तसं बोलायला नको होतं.

अडतीस युरो वीस सेंट आले की त्यात त्याला नवी विजार घेणार आहे. मागचा खिसा शिवून टाकीन.

तुमची,
थेडा